पाताळपाणी–कालाकुंड दरीचा पावसाळी फोटो: धुकं काढायचं, ठेवायचं की वाढवायचं?

छत्रीबाग_कॅमेरा

नमस्कार मंडळी. इंदूरजवळच्या पाताळपाणीहून कालाकुंडकडे उतरणाऱ्या दरीचा ऑगस्टमधला एक फोटो आहे. सकाळचे साडेसात, कॅमेऱ्याचं तोंड साधारण दक्षिणेला, म्हणजे ऊन डावीकडून; पण ढगांमुळे सावल्या जवळजवळ नाहीतच. २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, ३५ एमएम, एफ/८, १/१२५, आयएसओ २००, ट्रायपॉडवर, १४ बिट रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल).

फ्रेममध्ये खालच्या तिसऱ्या हिश्श्यात जवळची सागाची झाडं, शेंड्यांवर फुलांचे सायीच्या रंगाचे तुरे. मधे दरी आणि दरीत धुकं. मागे डोंगराच्या तीन रांगा, एकीमागे एक फिकट होत गेलेल्या. वर सपाट पांढरं आभाळ. डाव्या कोपऱ्यात मीटरगेजचे रूळ वळण घेऊन झाडीत शिरतात.

लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) +४०, हायलाइट्स (उजळ भाग) −१००, शॅडोज (गडद भाग) +८०, क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) +३०, व्हायब्रन्स (फिकट रंगांचा जोर) +३५ एवढं लावलंय. परिणाम असा: मागच्या रांगा शाईसारख्या निळ्या झाल्या, प्रत्येक रांगेच्या कडेला पांढरी रेघ उमटली, सागाचे तुरे मळकट करडे दिसतात आणि पानांचा हिरवा डोळ्यांत खुपतो.

दोन प्रश्न. हे नेमकं कशामुळे होतंय? आणि ह्याच फाइलला वेगवेगळ्या दृष्टीनं हाताळायचं तर कोणकोणत्या वाटा आहेत? एक चांगली वाट ठरली की २४ × १६ इंचांचा प्रिंट काढून दिवाणखान्यात लावायचा आहे.

रामबाग_रॉ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते कळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

डीहेझच्या जातीची बहुतेक साधनं फोटोच्या छोट्या छोट्या भागांत सगळ्यात गडद काय आहे ते तपासतात. धुकं नसेल तर जवळपास प्रत्येक भागात काही ना काही काळपट सापडतंच, एखाद्या पानाखालची सावली का असेना. ते काळपट न सापडता करडं सापडलं की तेवढं धुकं मधे आहे असं धरून ते वजा केलं जातं. तुमच्या दरीत जिथे निव्वळ पांढरं धुकं आहे तिथे खाली गडद असं काही नाहीच. तिथे हा हिशेब चुकतो आणि धुकं करडं होतं. दूरच्या रांगांवरून येणाऱ्या प्रकाशात हवेनं विखुरलेला निळा मिसळलेला असतो. कॉन्ट्रास्ट ताणला की तो निळाही ताणला जातो. वर व्हायब्रन्स +३५ आहेच, आणि व्हायब्रन्स कमी रंगीत भागांवर जास्त चढतो. म्हणजे सगळा जोर नेमका त्या फिकट निळ्यावर पडला.

पांढरी रेघ डीहेझ, क्लॅरिटी आणि हायलाइट्स −१०० ह्या तिघांची मिळून आहे. हायलाइट्सचा स्लायडर साधा कर्व्ह नाही. तो आजूबाजूचं बघून ठरवतो की कुठे किती उतरायचं. जिथे गडद डोंगर आणि उजळ आभाळ एकमेकांना भिडतात तिथे त्याचा अंदाज घोटाळतो आणि कडेला पट्टा उजळ राहतो. शॅडोज +८० त्याच कडेला दुसऱ्या बाजूनं ढकलतो. तुमच्या एक्स्पोजरमध्ये धुकं क्लिप (तपशील उडून कोरं पांढरं) झालेलं नसेल तर −१०० ची गरजच नाही. ऑल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवून बघा. पडदा पूर्ण काळा राहिला तर काहीही उडालेलं नाही.

आता माझ्या मते सर्वांत भरवशाची वाट: खोली राखणारा रंगीत फोटो. लांबचं फिकट आणि जवळचं गडद, ह्यावरच डोळ्याला अंतर कळतं. सगळ्या फोटोवर सारखं डीहेझ लावलं की चारही थर एकाच अंतरावर येऊन उभे राहतात, दरीची दरी राहत नाही. म्हणून थर वेगळे धरा.

सगळे स्लायडर शून्यावर आणा. प्रोफाइल ‘लँडस्केप’ असेल तर ते काढून न्यूट्रल किंवा फ्लॅट घ्या. लँडस्केप प्रोफाइलमध्ये हिरवा आणि निळा आधीच फुगवलेला असतो. लेन्स करेक्शन लावा, नाहीतर कोपऱ्यांच्या काळोखामुळे पुढचे सगळे आकडे फसवतील. व्हाइट बॅलन्स ५४०० ते ५८०० केल्विनच्या दरम्यान ठेवा आणि धुक्याच्या सगळ्यात उजळ भागावर कर्सर नेऊन आकडे वाचा. तिथे लाल, हिरवा आणि निळा एकमेकांपासून एक-दोन टक्क्यांत असावेत, निळा किंचित वर असला तर हरकत नाही.

मग तीन लिनिअर ग्रेडियंट मास्क (बदल हळूहळू विरत जाणारे निवडलेले पट्टे). पहिला खालून वर, जवळच्या झाडांसाठी: डीहेझ +१२, ब्लॅक्स −१५. दुसरा मधल्या उतारासाठी: डीहेझ +५, बाकी काही नाही. तिसरा वरून खाली, मागच्या दोन रांगांसाठी: डीहेझ शून्य किंवा −८, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) −१०. प्रत्येक मास्कला ल्युमिनन्स रेंजनं (ठरावीक उजेडाचाच भाग निवडणारं साधन) छेद द्या, म्हणजे ग्रेडियंट जिथे धुक्यावर चढतो तिथून तो आपोआप सुटतो. रेंजची कड मऊ ठेवा. टोकदार ठेवलीत तर धुक्याच्या काठावर खरखरीत ठिपके येतात.

लाइटरूममध्ये हिस्टोग्रामखाली टक्के दिसतात, ते बघत काम करा. अंदाजे लक्ष्य असं: जवळच्या झाडांतला सगळ्यात गडद ४–५ टक्के, पहिली रांग २५–२८, दुसरी ४२–४५, तिसरी ५८–६२, धुकं ८४–८८, आभाळ ९२–९३. आकडे पाळलेच पाहिजेत असं नाही, पण दोन रांगांमध्ये बारा टक्क्यांपेक्षा कमी फरक राहिला तर प्रिंटमध्ये त्या एकमेकींत विरघळतात.

सागाच्या तुऱ्यांबद्दल. तुमच्या फोटोत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. १०० टक्क्यांवर झूम करून एक तुरा बघा: बारीक बारीक सायीच्या रंगाच्या फुलांचा मोकळा झुपका, मधूनमधून मागची गडद पानं डोकावतात. क्लॅरिटीची त्रिज्या मोठी असते. ती झुपक्याच्या आत बघतच नाही, अख्ख्या झुपक्याभोवती काळं कडं काढते आणि आतली फुलं करडी करते. तिथे क्लॅरिटी शून्य, टेक्स्चर +१२, आणि ब्रशनं एक्स्पोजर फक्त +०.२५. त्याच ब्रशमध्ये टेम्परेचर +४ दिलंत तर साय परत येते.

हिरव्याचं म्हणाल तर पानांचा बराचसा भाग सॉफ्टवेअरच्या लेखी ‘पिवळा’ असतो. म्हणून नुसता ग्रीन कमी करून काही होत नाही. यलो सॅच्युरेशन −१८, यलो ह्यू (रंगछटा) −६, ग्रीन सॅच्युरेशन −१०, ग्रीन ल्युमिनन्स −८ एवढ्यानं श्रावणातला ओला हिरवा राहतो आणि प्लॅस्टिकचा जातो.

काळी_माती

रामबागकाकांनी रंगाचं सगळं नीट सांगितलंय. मी कृष्णधवलची वाट मांडतो, कारण ह्या फोटोत रंग मुळात एकच आहे आणि आकार भरपूर.

लोक ब्लॅक अँड व्हाइटचं बटण दाबतात आणि मग कॉन्ट्रास्ट वाढवत बसतात. खरा निर्णय त्याआधीचा: लाल, हिरवा, निळा ह्या तीन चॅनलांतलं कोणतं किती घ्यायचं. तुमच्या फोटोत दोन प्रकारचा धूसरपणा आहे आणि दोघांचं वागणं वेगळं. मागच्या रांगांवरची निळसर झाक हवेच्या रेणूंमुळे आणि अतिबारीक कणांमुळे येते. ती निळा प्रकाश जास्त विखुरते, लाल कमी. म्हणून लाल चॅनलमध्ये त्या रांगा जास्त स्पष्ट असतात. दरीतलं धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानानं मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. लाल चॅनल घेतलं तरी ते पांढरंच राहतं. म्हणजे लाल वाढवलात तर मागचे डोंगर पुढे येतात आणि दरीतलं धुकं जागच्या जागी राहतं. डीहेझला हे जमत नाही, कारण त्याला दोघांतला फरक कळत नाही.

फोटोशॉपमध्ये चॅनल मिक्सर, मोनोक्रोम टिक करा: लाल ६५, हिरवा ४५, निळा −१०. बेरीज १०० ठेवा म्हणजे उजेड तोच राहतो. डार्कटेबलमध्ये (रॉ फाइलींचं मोफत सॉफ्टवेअर) हेच ‘कलर कॅलिब्रेशन’ मॉड्यूलच्या ग्रे टॅबमध्ये होतं. निळा −२५ च्या खाली नेऊ नका. वजाबाकीत निळ्या चॅनलचा नॉइज (खरखर) उलटा होऊन सगळ्यात मिसळतो आणि सपाट आभाळात तो लगेच दिसतो. लाइटरूमचा कृष्णधवल मिक्सर चॅनलांवर चालत नाही, तो रंगछटांवर चालतो. इतक्या फिकट निळ्यावर तिथला ब्लू −६० केलात तर हाती ठिपके आणि कडांच्या रेघाच लागतील.

पुढचं काम डॉज आणि बर्नचं, म्हणजे जागोजागी उजळ आणि गडद करण्याचं. नवा लेयर ५० टक्के करड्यानं भरा, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट. मऊ ब्रश, फ्लो ५ ते ८ टक्के, एकावर एक हात मारत जा. काय उजळायचं: रुळांच्या वरच्या घासलेल्या कडा, तुरे, आणि धुक्याचा तो काठ जिथे ते पहिल्या रांगेला टेकतं. काय गडद करायचं: खालचे दोन्ही कोपरे आणि पहिल्या रांगेचा पायथा. रूळ उजळले की नजर डावीकडून आत शिरते आणि वळणावरून धुक्यात उतरते. रंगीत आवृत्तीत हिरवा त्यांना गिळून टाकतो, इथे ते कामाला येतात.

डॉज-बर्नला कोणी खोटेपणा म्हणत असेल तर अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सच्या १९४१ सालच्या हर्नांडेझच्या चंद्रोदयाच्या फोटोचे सुरुवातीचे आणि नंतरचे प्रिंट शेजारी ठेवून बघावेत. निगेटिव्ह तीच, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ जवळपास काळं.

आता ह्याच्या बरोबर उलटी वाट, आणि ती आपल्या गावाशी जोडलेली आहे. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, १८७० च्या दशकात इथेच त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशाला दाद द्यायच्या. त्यामुळे त्या काळच्या निसर्गचित्रांत आभाळ कोरं, झाडं गडद आणि लांबचं सगळं विरत गेलेलं असतं. तसा फोटो हवा असेल तर मिक्सरमध्ये निळा ८५, हिरवा १५, लाल ०. पानं निळा प्रकाश फार कमी परतवतात, म्हणून साग एकदम काळोखात जातो. तुरे मात्र त्या मानानं उजळ राहतात, ते फुलून दिसतात. मागची तिसरी रांग जवळपास नाहीशी होईल. होऊ द्या, हीच ती दृष्टी. शेवटी हायलाइट्सना ह्यू ४२, सॅच्युरेशन ७ आणि शॅडोजना ह्यू २५, सॅच्युरेशन ९ द्या. ह्यापेक्षा जास्त दिलंत की लग्नाच्या अल्बमातला सेपिया होतो.

हे करण्याआधी आयएसओ २०० ची फाइल असली तरी ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन १०–१५ लावा. निळं चॅनल नेहमीच जास्त खरखरीत असतं आणि इथे सगळा फोटो त्याच्यावरच उभा आहे.

सराफा_स्नॅप

काळी_माती दादा, माझ्याकडे असाच फोटो आहे पण फोनवरचा जेपेग, आणि एडिटिंगला फक्त स्नॅपसीड. थर वेगळे धरणं त्यात जमतं का?

काळी_माती

जमतं, थोड्या कसरतीनं. ‘ट्यून इमेज’मध्ये अॅम्बियन्स −१५ करून सुरू करा. बहुतेक जण तो वाढवतात आणि सगळं एका पातळीवर येतं. मग ‘सिलेक्टिव्ह’: जवळच्या झाडांवर एक बिंदू, दोन बोटांनी घेर लहान-मोठा करा, कॉन्ट्रास्ट +२०. धुक्यावर दुसरा बिंदू, स्ट्रक्चर −२०. एचडीआर स्केपकडे वळू नका, जेपेगच्या आठ बिटांत कडा लगेच फुटतात. एखादा बदल ठरावीक जागीच हवा असेल तर तो आधी सगळ्या फोटोवर करा, मग ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन त्या पायरीचा ब्रश घ्या आणि हवा तिथेच रंगवा. फोनच्या जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं आधीच शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन केलेलं असतं, पानांचा लगदा झालेला असेल तर तो कशानंही सुटत नाही. पुढच्या वेळी फोनमध्ये रॉ चालू करून घ्या.

जलरंग_इंदूर

मी चित्रकलेच्या बाजूनं लिहिते. वरच्या दोन्ही वाटा ‘किती स्पष्ट’ ह्या प्रश्नाच्या आहेत. तिसरी वाट ‘किती रंग’ ह्या प्रश्नाची आहे.

चित्रकार देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इंदूरचं चित्रकला विद्यालय सुरू केलं. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी ही मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. बेंद्रे आपल्या इंदूरचेच. ह्या परंपरेतली निसर्गचित्रं बघताना रंगाकडे लक्ष द्या. रंगांची संख्या मोजकी असते, आणि उबदार कुठे, थंड कुठे हे पक्कं ठरलेलं असतं. फोटोत आपण सहसा उलट करतो, प्रत्येक रंगाला थोडं थोडं वर ढकलतो. मग एकही बोलत नाही.

ह्या दरीसाठी मी तीनच रंग धरीन: ओला हिरवट-काळा, धुक्याचा सायीचा, आणि लांबचा राखाडी-निळा. कलर ग्रेडिंगमध्ये शॅडोज ह्यू २१०, सॅच्युरेशन ८. हायलाइट्स ह्यू ४५, सॅच्युरेशन ६. मिडटोन्सला काही नाही. बॅलन्स +१५ ठेवा, म्हणजे उबदार छटा मधल्या करड्यांपर्यंत थोडी उतरते. मग एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायचं पॅनल) जे रंग ह्या तिघांत बसत नाहीत ते खाली आणा. जांभळा आणि मॅजेंटा सरळ −४०, कारण ते पानांच्या कडांवरच्या लेन्सच्या दोषातूनच आलेले असणार. हिरवा ह्यू −१० करून पिवळ्याजवळ न्या, म्हणजे हिरवा आणि पिवळा वेगळे दिसण्याऐवजी एकाच कुळातले दिसतात. डार्कटेबलवाल्यांना हेच ‘कलर बॅलन्स आरजीबी’मध्ये अधिक मऊ करता येतं.

एक सावधगिरी. हायलाइट्समध्ये उबदार रंग घातला की मोह होतो तो पुढे जाऊन सोनेरी सकाळ करण्याचा. डाव्या कोपऱ्यात रेडियल मास्क, एक्स्पोजर +१, टेम्परेचर +४०, झाला सूर्य. करू नका. सूर्य तिथे असता तर सागाच्या डाव्या कडा उजळल्या असत्या, उजवीकडे सावल्या पडल्या असत्या, रुळांवर चकाकी आली असती. ह्यातलं काहीच फोटोत नाही. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे एवढं नक्की जाणवतं. आभाळ बदलण्याचंही तेच. ढगाळ प्रकाशातल्या झाडांवर निळं आभाळ चिकटवलं की झाडं कापून लावल्यासारखी दिसतात.

स्वप्नवत मऊपणा हवा असेल तर ऑर्टन पद्धत आहे. कॅनडाचे मायकल ऑर्टन ह्यांनी १९८० च्या दशकात स्लाइड फिल्मवर ती केली: एक स्पष्ट आणि एक आउट ऑफ फोकस अशा दोन ओव्हरएक्स्पोज स्लाइड एकमेकींवर ठेवून. संगणकावर: लेयरची प्रत, गॉशियन ब्लर, सॉफ्ट लाइट मोड, ओपॅसिटी १०–१५. २४ मेगापिक्सेलला ब्लर २५ ते ३५ पिक्सेल. १० पिक्सेल ठेवलात तर फोकस चुकल्यासारखा दिसतो, ८० ठेवलात तर चमक सगळीकडे पसरते. पण तुमच्या फोटोत धुकं आधीच आहे. सगळ्या फोटोवर ऑर्टन लावला तर तुरे आणि धुकं एकाच कापसाचे होतील. ल्युमिनन्स मास्कनं फक्त ६० टक्क्यांवरच्या उजळ भागावर लावा आणि तुऱ्यांवरून काळ्या ब्रशनं पुसून टाका. मऊ आणि टोकदार शेजारी शेजारी असले तरच मऊपणा कळतो.

सॉफ्ट लाइटमध्ये कॉन्ट्रास्टही वाढतो आणि गडद भाग बसतो. आधी शॅडोज +१० देऊन ठेवा.

चोरलकाठ

एक लहानशी चौथी वाट. जवळचं सगळं कापा.

वरच्या दोन-तृतीयांश भागातून ६००० × २४०० पिक्सेलचा आडवा पट्टा घ्या, फक्त रांगा आणि धुकं. एक्स्पोजर +०.७, डीहेझ −१५, ब्लॅक्स +२५, म्हणजे सगळ्यात गडद रांगही ३५ टक्क्यांच्या खाली जायला नको. व्हाइट्स ९६ टक्क्यांपर्यंत. हाय-की, म्हणजे जवळपास सगळं उजळ, रेखाचित्रासारखं.

ह्यात दोन गोष्टी बिघडतात. फिक्या आभाळात सेन्सरवरची धूळ उठून दिसते. स्पॉट रिमूव्हलमधलं ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’ चालू करून एकेक डाग काढा. आणि इतक्या मऊ उतारावर छटांच्या पायऱ्या पडतात. काम १६ बिटांत ठेवा आणि अगदी शेवटी ग्रेन १०–१२ घाला. बारीक दाण्यांनी पायऱ्या फुटतात. २४ इंच रुंदीला हा पट्टा ९.६ इंच उंच होतो. सोफ्याच्या वर लांबट चौकट छान बसेल.

छत्रीबाग_कॅमेरा

सगळ्यांचे मनापासून आभार. रामबागकाकांच्या पद्धतीनं थर वेगळे केले. हिरवा आणि तुरे एकदम ठीक झाले. काळी_मातीची लाल चॅनलची आवृत्तीही केली, रूळ खरोखर बोलायला लागले. रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही ठेवणार आहे, प्रिंट बहुधा कृष्णधवल.

एक अडचण उरलीय. हायलाइट्स −३० वर आणूनही तिसऱ्या रांगेच्या कडेला पुसट पांढरी रेघ आहे. आभाळाचा मास्क मी ‘सिलेक्ट स्काय’नं घेतलाय आणि त्यात एक्स्पोजर −०.५ दिलंय. दुसरं, प्रिंटसाठी फाइल कशी द्यायची?

रामबाग_रॉ

रेघ त्या मास्कची आहे. ‘सिलेक्ट स्काय’ला धुक्यात कुठे आभाळ संपतं ते कळत नाही. तो कडेच्या दोन-चार पिक्सेल अलीकडे थांबतो, आणि तेवढी पट्टी गडद न होता तशीच राहते. पावसाळी फोटोत आपोआप निवडलेलं आभाळ वापरूच नये असं माझं मत आहे. साधा लिनिअर ग्रेडियंट वरून खाली ओढा आणि तो तिसऱ्या रांगेच्या चांगला खाली येऊ द्या. डोंगराचा माथा थोडा गडद झाला तर चालतो, रेघ चालत नाही. रांग फारच बसली तर त्या ग्रेडियंटमधून ल्युमिनन्स रेंजनं ६५ टक्क्यांखालचं वजा करा, कड मऊ ठेवून.

तरीही उरली तर फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प, मोड डार्कन, ओपॅसिटी ३० टक्के, ब्रश रेघेच्या दुप्पट रुंद. आभाळातून नमुना घेऊन कडेवरून फिरवा. डार्कन मोडमध्ये नमुन्यापेक्षा उजळ पिक्सेलच बदलतात, म्हणून डोंगराला धक्का लागत नाही. शार्पनिंगही तपासा: मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ६०–७० पर्यंत न्या, म्हणजे आभाळ आणि धुकं त्यातून सुटतं.

काळी_माती

प्रिंटचं मी सांगतो. ६००० पिक्सेल भागिले २४ इंच म्हणजे २५० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल). भिंतीवरच्या प्रिंटला हे पुरेसं आहे, फाइल फुगवू नका.

पडद्याचा उजेड आधी कमी करा. बहुतेक मॉनिटर दुकानातून येतात तेव्हा फार प्रखर असतात आणि मग प्रिंट ‘काळा आला’ अशी तक्रार होते. मोजायचं यंत्र असेल तर १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडदा उतरवा.

कागद मॅट घ्या. धुक्याच्या फोटोवर चकाकी नको, आणि दिवाणखान्यात दिवे काचेत दिसतातच. पण मॅटवर काळा तितका काळा येत नाही; ४–५ टक्क्यांतलं सगळं एकच होतं. म्हणून प्रिंटसाठी वेगळी प्रत करा: जवळच्या झाडांच्या सावल्या ८–९ टक्क्यांवर उचला आणि मधल्या करड्यांना कर्व्हनं ३–४ टक्के वर घ्या. आभाळ ९२–९३ वरच ठेवा. ते ९८ ला गेलं तर तिथे शाईच पडत नाही, आणि फोटो कुठे संपला व पांढरा माउंट कुठे सुरू झाला ते कळत नाही.

लॅबला त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागा. मिळालं तर लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग (प्रिंट कसा येईल ते पडद्यावर दाखवणं) चालू करून त्यावर बघा; तिथे आकडे टक्क्यांऐवजी ० ते २५५ दिसतील, गोंधळू नका. नाही मिळालं तर एसआरजीबी (नेहमीची रंगपद्धत), जेपेग, क्वालिटी १००. कृष्णधवल असला तरी फाइल आरजीबीच द्या, टोनिंग (करड्यांना वर सांगितलेली हलकी रंगछटा) केलं असेल तर ते टिकतं. आणि ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं लिहून सांगा, नाहीतर मशीन धुक्याला कमी कॉन्ट्रास्टचा फोटो समजून स्वतःच ताणतं.

अख्खा प्रिंट काढण्याआधी पट्टी काढा. फोटोतून मूळ आकारात ८ × ४ इंचांचा तुकडा घ्या ज्यात तुरे, धुक्याचा काठ आणि पहिली रांग तिन्ही येतील. त्याच्या तीन प्रती: एक जशीच्या तशी, एक +०.२५, एक +०.५. तिन्ही एका १२ × ८ च्या कागदावर बसतात. घरी नेऊन ज्या भिंतीवर लावायचंय तिथेच संध्याकाळचे दिवे लावून बघा. पिवळ्या एलईडीखाली टोनिंग आणखी उबदार दिसतं. तसं झालं तर हायलाइट्सचं सॅच्युरेशन ७ वरून ४ वर आणा.

छत्रीबाग_कॅमेरा

ग्रेडियंटनं रेघ गेली. पट्टीची फाइल उद्या लॅबला देतो. जलरंग ताई, तुमची तीन रंगांची आवृत्ती अजून करायचीय. त्यात रुळांचा गंजाचा तांबूस रंग ठेवायचा की दाबायचा?

जलरंग_इंदूर

ठेवा, पण तो एकटाच उबदार गडद असू द्या. ऑरेंज सॅच्युरेशन −१५, ल्युमिनन्स −१०, आणि पानांतले जे वाळके तपकिरी ठिपके त्याच रंगात आहेत ते ब्रशनं सॅच्युरेशन −३० करून बसवा. नाहीतर रुळांचा तांबूस सगळ्या झाडीत सांडलेला दिसेल.